मुंबईत दोन दिवस: जेवायचं कुठे, वाइन प्यायची कुठे

नाशिकहून कोणी कामानिमित्त मुंबईला निघालं की आदल्या रात्री मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "एखादं मस्त ठिकाण सांग, जिथे मासेपण झकास आणि वाइनपण चांगली." बावीस वर्षं या शहरात काढून मी एवढं सांगू शकतो की या वाक्यातल्या 'आणि'पाशीच माणूस फसतो. मुंबईत उत्तम जेवण आहे, बरी वाइनही आहे, पण दोघं एका टेबलावर क्वचितच भेटतात. ज्या खानावळीतल्या तिसऱ्यांसाठी, म्हणजे शिंपल्यांसाठी, मी दादरला वाकडी वाट करतो, तिथे प्यायला सोलकढी मिळते. जिथे वाइनची यादी चार पानी असते, तिथले तळलेले बोंबील पाहून मालवणी माणूस गप्प बसतो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याने जेवणाचा बेत वेगळा करावा आणि वाइनचा वेगळा. अधूनमधून दोन्ही जुळतं, तेही पुढे सांगतो.

आधी मुक्काम बघा, मग हॉटेल

लोक उलटं करतात. फोनवर यादी काढतात, त्यातलं पहिल्या नंबरचं ठिकाण निवडतात आणि संध्याकाळी साडेसहाला अंधेरीहून कुलाब्याला टॅक्सीने निघतात. पोचेपर्यंत भूक मेलेली असते आणि मीटर बघून उरलेलीही मरते. संध्याकाळी सहा ते नऊ शहर आडवं-उभं कापायचं नाही, हा नियम पाळा. ज्या भागात काम किंवा मुक्काम असेल, तिथलंच रात्रीचं जेवण ठरवा. दूरचं ठिकाण दुपारसाठी ठेवा.

भागांचा स्वभाव ढोबळपणे असा. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, काळा घोडा, कुलाबा: इराणी, पारशी, मंगळुरी मासे, आणि वाइनची सोय असलेली बरीच ठिकाणं, सगळं चालण्याच्या अंतरात. काळबादेवी-गिरगाव: गुजराती थाळी आणि जुनी मराठी उपाहारगृहं. माटुंगा: दक्षिण भारतीय. दादर: मालवणी आणि आपलं शाकाहारी. लोअर परळ-महालक्ष्मी: बंद गिरण्यांच्या आवारातली नवी, महाग, शेफच्या नावाने चालणारी ठिकाणं. वांद्रे आणि बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल): तरुण गर्दी, कॉकटेल, आवाज. पार्ल्यात 'गजाली' आहे, विमान पकडायच्या आधी मासे खायचे असतील तर तिथे जा.

पहिल्यांदाच येत असाल आणि मुक्काम तुमच्या हातात असेल तर फोर्ट-कुलाब्यात राहा. लोकल, टॅक्सी, आता भुयारी मेट्रो ३ सुद्धा आहे. हुतात्मा चौक आणि चर्चगेट दोन्ही तिच्यावर आहेत. रिक्षा मात्र या बाजूला मिळणार नाही. पश्चिमेकडे वांद्रे आणि पूर्वेकडे शीव, याच्या खाली रिक्षांना येऊच देत नाहीत.

तारीख तपासा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि कोणी करत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे अठ्ठेचाळीस तासही. त्या दिवशी मोठ्यातलं मोठं रेस्टॉरंटसुद्धा तुम्हाला लिंबूपाणीच देणार.

मासे खायचे असतील तर दुसरं कॅलेंडर लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दोन महिन्यांत कोणी "आजचीच ताजी सुरमई" म्हणालं तर हसून घ्या. ती एकतर बर्फातली असते किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. पावसाळ्यात मी खाडीची मासळी, खेकडे किंवा सरळ सुका बोंबील आणि सुकटीवर येतो. नारळी पौर्णिमेनंतर मग पापलेट मागावं. श्रावणात उलटी गंमत होते. मराठी खानावळींतली गर्दी ओसरते आणि एरवी तासभर उभं करणारं टेबल दहा मिनिटांत मिळतं.

स्टार मोजू नका, वाईट शेरे वाचा

ॲपवर साडेचार स्टार आता सगळ्यांनाच असतात. मी फक्त दोन आणि तीन स्टारवाले शेरे वाचतो, तेही गेल्या तीन-चार महिन्यांतले. "वेटर उद्धट", "बसायला जागा नाही", "पार्किंगची बोंब" असं लिहिलेलं असेल तर मला फरक पडत नाही. उलट जागा नसणं ही शिफारसच. "पूर्वीची चव राहिली नाही" असं तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर मात्र मी तिथे जात नाही. फोटो बघताना सजावट सोडा, ताटं बघा. महिन्याभराच्या फोटोंमध्ये प्रत्येकाच्या टेबलावर तोच एक पदार्थ दिसत असेल तर तिथे तोच मागवायचा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दुपारी एक वाजता फोर्टातल्या गल्ल्यांतून चालणं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं ज्या दारापुढे उभी आहेत, तिथे उभं राहा. बँकेतला कारकून रोज स्वतःच्या पैशाने जेवतो; त्याची निवड सहसा चुकत नाही.

वाइन नसलेली ठिकाणं, म्हणजे खरं जेवण

दोन दिवसांपैकी किमान दोन जेवणं इथे घालवा.

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' १९२३ सालचं. इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरीचा पुलाव, सोबत साली बोटी (वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं पारशी मटण), शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. हे दुपारचं ठिकाण आहे, रात्रीच्या भरवशावर राहू नका आणि जाण्याआधी फोन करा. मेट्रो सिनेमासमोरचं 'कयानी' त्याहून जुनं, १९०४चं. तिथे बन मस्का, चहा आणि मावा केक. बसलात की पटकन मागवा, मागे लोक उभे असतात.

माटुंग्याला सकाळी जा. 'राम आश्रय' १९३९चं, 'कॅफे मद्रास' १९४०चं. कॅफे मद्रासबाहेर एक जण वही घेऊन उभा असतो. त्याला नाव आणि किती जण ते सांगायचं आणि तो हाक मारेपर्यंत कुठेही जायचं नाही. एकदा मी रस्त्यापलीकडे फुलं बघायला गेलो आणि माझी पाळी गेली. चारचं टेबल हवं असेल आणि दोघांना आधी जागा मिळत असेल तर दोघे बसून घ्या. अनोळखी लोकांसोबत टेबल वाटून घेणं इथे रीतीचं आहे, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा आधीच सांगून ठेवा, संपतो.

दादरला शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'. यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. नाशिककर म्हणून मला ही मिसळ सौम्य वाटते, आणि हे मी आस्वादच्या दारात उभं राहूनही बोलेन. पण त्यांचं थालीपीठ आणि पीयूष यांबद्दल तक्रार नाही. मालवणी खायचं तर जवळच 'चैतन्य' आणि 'सिंधुदुर्ग'. बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. थाळी घेण्यापेक्षा दोघांत तीन पदार्थ सुटे मागवा. थाळीत मासा लहान येतो.

इथे वेटरला एकच प्रश्न विचारायचा: "आज काय चांगलं आलंय?" मेन्यू कार्डावर वीस मासे असतात, खरे पाच-सहाच असतात. "सगळंच चांगलं आहे" असं उत्तर आलं तर बांगडा मागवा. बांगडा शिळा असेल तर पहिल्या घासाला कळतं आणि तेवढ्यावर बिल फार होत नाही.

वाइनसाठी टेबल धरताना

आता दुसरा बेत. मासे आणि वाइन एकत्र हवंच असेल तर काळा घोड्याचं 'तृष्णा' हे त्यातल्या त्यात जुळणारं ठिकाण; बटर-गार्लिक खेकडा ही त्यांची ओळख. कुलाब्यात धनराज महालासमोर 'द टेबल' आहे. लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१५ पासून 'द बॉम्बे कॅन्टीन', बीकेसीत गोव्याच्या वळणाचं 'ओ पेद्रो'. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिल्सच्या आवारात 'मास्क' आहे. तिथे शेफ देईल ते दहाएक छोटे पदार्थ खायचे आणि हवं तर प्रत्येकासोबतचं पेय. ते लग्नाच्या वाढदिवसाचं ठिकाण, ऑफिसच्या दौऱ्याचं नव्हे. शुक्रवार-शनिवारी या सगळ्यांना आधी फोन करूनच जायचं.

फोनवर टेबल धरताना तीन गोष्टी विचारा. ग्लासने कोणकोणत्या वाइन देता? बाटली उघडल्यावर किती दिवस चालवता? आणि स्वतःची बाटली आणली तर चालते का, चालत असेल तर कॉर्केज, म्हणजे ती उघडून देण्याचं शुल्क, किती? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी नकार येईल. खरा उपयोग दुसऱ्याचा आहे. समोरचा गडबडला, "थांबा, विचारून सांगतो" म्हणाला आणि परत आलाच नाही, तर तिथे ग्लासने वाइन घ्यायची नाही एवढं पक्कं करा. बाटली घ्या किंवा बिअर.

वयाचंही आत्ताच सांगतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. पुतण्याला सोबत आणत असाल तर त्याच्या खिशात आधार असू द्या. शिवाय मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा असला तरी परवान्याची अट अजून जिवंत आहे: एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. रेस्टॉरंटात कोणी विचारत नाही, पण वारंवार येणं होणार असेल तर आजीवन काढून टाकलेला बरा.

यादी समोर आली की

पहिलं, परदेशी पान उलटून टाका. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क चालत आलं, त्यावर राज्याचे कर, त्यावर रेस्टॉरंटचा नफा. तिकडे किराणा दुकानात जी बाटली लोक स्वयंपाकाला घेतात, तिच्यासाठी तुम्ही इथे साखरपुड्याइतका खर्च कराल. त्याच पैशात आपल्याकडची सर्वांत चांगली बाटली येते.

आपल्याकडची म्हणजे बहुतेक नाशिकची. 'सुला' १९९९मध्ये सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. 'यॉर्क' गंगापूरची, 'व्हालोने' इगतपुरीजवळची. 'ग्रोव्हर झाम्पा'ची मुळं नाशिक आणि बंगळुरूजवळच्या नंदी हिल्स दोन्हीकडे. आणि 'फ्रातेल्ली' चक्क अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातली. या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ', कारण भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती काढली. त्यांची 'सेत्ते' ही लाल बाटली मटणाच्या जेवणासोबत घेऊन बघा.

दुसरं, बाटलीवरचं साल वाचा. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, म्हणजे त्या वर्षाची पांढरी वाइन त्याच वर्षी प्यायला तयार होते. पांढरी आणि गुलाबी यंदाची किंवा गेल्या वर्षीची मागा. चार वर्षं जुनी शेनिन ब्लाँ (ही पांढरी वाइन) कोणी "जुनी आहे, मुरलेली आहे" म्हणून पुढे केली तर ती मुरलेली नसते, विकली न गेलेली असते. लाल वाइनला मात्र दोन-चार वर्षं चालतात.

तिसरं, कशासोबत काय. फ्रान्समधले नियम विसरा, आपल्या ताटात तिखट आहे. लाल वाइनचा तुरटपणा आणि लाल मिरची एकत्र आले की दोघंही जास्त बोचतात, जीभ कोरडी पडते. मालवणी, मंगळुरी मसाल्यासोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ थंडगार घ्या. बटर-गार्लिक खेकडा, भाजलेली कोळंबी, रवस यांना सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी पांढरी. तिच्यातला हिरव्या कैरीसारखा आंबटपणा लोण्याला कापतो. तळलेल्या कुरकुरीत कशाहीसोबत, मग तो बोंबील असो की बटाटावडा, बुडबुड्यांची ब्रूट, म्हणजे गोड नसलेली फेसाळ वाइन. हे जुळणं इतकं चांगलं आहे की दादरच्या खानावळींना परवाना नाही याचं मला दरवेळी नव्याने वाईट वाटतं. शिराझ ही लाल वाइन काळ्या मिरीच्या, गरम मसाल्याच्या मटणाला, कबाबांना.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. दोघे असाल आणि दोन-दोन ग्लास घेणार असाल तर हिशेब सरळ आहे, बाटलीच घ्या. ती तुमच्यासमोर उघडतात, हाही फायदा.

ग्लास हातात आल्यावर

गेल्या वर्षी माझा मेव्हणा आला होता. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची. मी हौसेने एका चकचकीत ठिकाणी नेलं, नाव घेत नाही. त्याने लाल वाइनचा ग्लास मागवला, तीही त्याच्या शेजारच्या गावची, दुकानातल्या तिप्पट किमतीला. ग्लास आला. त्याने नाकाजवळ नेला, खाली ठेवला.

"दाजी, हे तर शिर्का झालंय."

"अरे, रेड वाइनला असा थोडा वास असतोच."

"दाजी, आमच्याकडे पावसात भिजलेला माल शेडमध्ये चार दिवस पडला की हाच वास येतो."

मी घोट घेतला. गरम, आंबट, जिभेच्या कडांना चावणारी. बाटली चार-पाच दिवसांपूर्वी उघडून बारच्या फळीवर, दिव्याखाली उभी ठेवलेली असणार. मी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलावलं आणि एवढंच म्हटलं, "ही बाटली कधी उघडली? जरा बघता का?" तो ग्लास घेऊन आत गेला आणि न बोलता नवीन बाटलीतला भरून आणला. वाद नाही, आवाज नाही. मेव्हणा मात्र त्या दिवसापासून मला वाइनमधलं काही विचारत नाही.

म्हणून ग्लास आला की आधी ग्लासच्या पोटाला हात लावा. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हे ज्या खोल्यांबद्दल लिहिलं गेलं, त्या युरोपातल्या थंड दगडी खोल्या होत्या, मे महिन्यातली मुंबई नव्हे. लाल वाइन १६ ते १८ अंशांना हवी, म्हणजे हाताला किंचित गार लागली पाहिजे. कोमट असेल तर बर्फाची बादली मागा आणि बाटली दहा मिनिटं तिच्यात ठेवा. वेटर "रेड आहे सर" म्हणेल. म्हणू दे. पांढरी ८ ते १० अंशांना, म्हणजे काचेवर दव धरलं पाहिजे.

मग वास. व्हिनेगरचा आला किंवा ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरात भिजलेल्या वर्तमानपत्राचा आला, तर परत करायची. पहिली उघडी राहून खराब झालेली, दुसरीच्या बुचातच दोष. फक्त "आवडली नाही" म्हणून बाटली परत करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. कॅप्टन आधी थोडीशी ओततो ती चव घेऊन कौतुक करण्यासाठी नव्हे, हीच तपासणी करण्यासाठी.

बिल

जेवणावर जीएसटी ५ टक्के, मोठ्या पंचतारांकित हॉटेलात १८. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. बार आणि परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांचा १० झाला. म्हणून दोन बिलं वेगळी येतात, घाबरू नका. वाइनच्या ओळीवर जीएसटी लावलेला दिसला तर मात्र विचारा.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. "हे काढून द्या" म्हटलं की काढतात. मी काढायला लावतो आणि टिप थेट वेटरच्या हातात देतो. पाणी मागताना "साधं" हा शब्द वापरा, नाहीतर सीलबंद बाटली फोडूनच टेबलावर येते. इराणी आणि जुन्या खानावळींसाठी खिशात रोख असू द्या.

बाटली विकत घ्यायची असेल तर

मुंबईत "वाइन्स" अशी पाटी असलेल्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर सगळं असतं, आणि वाइन सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, धूळ खात उभी असते. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली होती, पण विरोध झाला आणि तो निर्णय जागच्या जागी राहिला. तेव्हा याच दुकानांतून निवडायचं.

मी दुकानात शिरलो की आधी वाइन कुठे ठेवली आहे ते बघतो. फ्रिजमध्ये किंवा एसीच्या आतल्या कपाटात असेल तर घेतो. दर्शनी काचेत उन्हाला ठेवलेली बाटली फुकट दिली तरी नको. मग बाटली हातात घेऊन मानेकडे बघतो: बूच वर सरकून वेष्टन फुगलंय का, मान चिकट आहे का, वाइनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली आहे का. यातलं एक जरी असलं तरी ती उकाड्यात तापलेली आहे. फिरकीचं झाकण असलेली बाटली घ्यायला लाजू नका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा बरं, आणि हॉटेलच्या खोलीत ओपनर शोधत बसावं लागत नाही. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त द्यायचा नाही.

खोलीत नेल्यावर पांढरी दोन तास फ्रिजमध्ये, लाल अर्धा तास. छोट्या फ्रिजमध्ये बाटली उभी मावत नाही, आडवी घाला. प्यायला बाथरूममधले काचेचे पेले वापरू नका, त्यांना साबणाचा वास असतो. खाली फोन करून वाइनचे ग्लास मागवा, बहुतेक हॉटेलं देतात. आणि सोबत खायला म्हणून दादरहून येताना बोंबील फ्राय बांधून आणा, पण डब्याचं झाकण टॅक्सीत किंचित उघडं ठेवा, नाहीतर वाफेने मऊ पडतात.